टीव्हीवरच्या सायकल शर्यतीतले आकडे आणि तुमच्या शंका

जुलै लागला की टूर द फ्रान्स सुरू होते आणि आमच्या पत्रपेटीत सायकलवाल्यांची गर्दी व्हायला लागते. त्यात जानेवारी 2026 मध्ये पुण्यात पुणे ग्रँड टूर झाली तेव्हापासून ज्यांना पेलोटॉन (म्हणजे शर्यतीतला मुख्य घोळका) म्हणजे काय हे माहीत नव्हतं तेही आता वॅट प्रति किलोवर (वजनाच्या प्रत्येक किलोमागे रायडर किती ताकद लावतो यावर) वाद घालतायत, चांगलंच आहे. या वेळी बहुतेक पत्रांचा सूर एकच होता, की कॉमेंटेटर जे आकडे फेकतात ते धरायचे किती. आता बघा, रोज चार-पाच तास लाइव्ह बोलायचं, त्यातला निम्मा वेळ शर्यतीत काहीच घडत नसतं, किल्ले दाखवून झाले, चीजचे प्रकार सांगून झाले, मग आकडे येणारच. सगळे खोटे नसतात, पण सगळे एकाच जातीचेही नसतात, काही घड्याळाने मोजलेले, काही कॉम्प्युटरने अंदाजलेले आणि काही नुसते एका कॉमेंटेटरकडून दुसऱ्याकडे आलेले.

प्रश्न: हेलिकॉप्टरमधून दाखवतात तेव्हा पुढे पळालेले चौघं आणि मागचा घोळका एकाच फ्रेममध्ये दिसतात, म्हणजे फार तर अर्धा-पाऊण किलोमीटर. पण स्क्रीनवर 2 मिनिटं लिहिलेलं असतं. अर्ध्या तासापूर्वी तेच 2 मिनिटं होतं तेव्हा मागचे नजरेच्या टप्प्यातही नव्हते. आकडा अडकतो का यांचा? (एक वाचक, सातारा)

उत्तर: अडकत नाही, तुम्ही अंतर बघताय आणि ते वेळ सांगतायत. सपाटीवर ताशी 45 ने चालले असतील तर 2 मिनिटांत दीड किलोमीटर जातो, घाटात ताशी 18 वर आले की त्याच 2 मिनिटांचे 600 मीटर होतात. म्हणून घाटात सगळे चिकटल्यासारखे दिसतात आणि घरी बसलेले आपण ओरडतो की आला आला, पकडला, आणि तो काही पकडला जात नाही.

आता हा वेळ काढतात कसा ते महत्त्वाचं. जुनी पद्धत एकदम सोपी आणि खरं तर सगळ्यात भरवशाची होती, मोटरसायकलवरचा माणूस एखादा खांब किंवा चौक धरायचा, पुढचा तिथून गेला की घड्याळ सुरू, मागचा तिथे पोचला की बंद, आणि मग पाटीवर खडूने लिहून ती पाटी पुढच्यांना नेऊन दाखवायची. पाटी आजही दिसते अधूनमधून. 2015 पासून टूरमध्ये सगळ्यांच्या सीटखाली जीपीएसचा डबा असतो, त्यामुळे आकडा सतत येत राहतो, पण सतत येतो म्हणून तो प्रत्येक सेकंदाला बरोबर असतो असं नाही.

गडबड कुठे होते सांगतो. समजा पुढचे घाटाला लागलेत, ताशी 18, आणि घोळका अजून पायथ्याच्या सपाटीवर ताशी 45 ने येतोय आणि मधे 1 किलोमीटर आहे. कोणी हे अंतर मागच्यांच्या वेगाने भागलं तर फरक 80 सेकंद, पुढच्यांच्या वेगाने भागलं तर 200 सेकंद. खरं उत्तर या दोनच्या मधे कुठेतरी आहे, त्या किलोमीटरातला चढ किती आणि सपाट किती त्यावर. पुढचा नेमका त्याच जागेवरून किती वाजता गेला होता ही नोंद धरून हिशोब केला तर हा घोळ होत नाही, पण सिग्नल झाडीत किंवा बोगद्यात गेला की ती नोंदही तुटक येते. म्हणून घाटाच्या पायथ्याशी फरक अचानक 40 सेकंदांनी कमी झालेला दिसला आणि कॉमेंटेटर खुर्चीतून उठला तरी तुम्ही उठू नका, दोन-तीन किलोमीटर जाऊ द्या. मी तर तेवढा वेळ त्या चौकटीकडे बघतच नाही.

प्रश्न: "10 किलोमीटरला 1 मिनिट" हा नियम सारखा ऐकतो. कोणी काढला आणि खरा आहे का? (नागपूर)

उत्तर: रोबेर शापात नावाचे फ्रेंच कॉमेंटेटर होते, आधी स्वतः रेसर होते, त्यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. म्हणणं असं की पेलोटॉनने मनावर घेतलं तर 10 किलोमीटरमध्ये पुढच्यांचं 1 मिनिट खाऊन टाकतं. हिशोब करून बघा, पुढचे ताशी 45 ने जातायत तर 10 किलोमीटरला त्यांना 13 मिनिटं 20 सेकंद लागणार, मागच्यांनी ते 12 मिनिटं 20 सेकंदात करायला हवं, म्हणजे ताशी साधारण 48.6. साडेतीन किलोमीटरचा फरक. पुढे चार दमलेली माणसं आणि मागे आळीपाळीने ओढणाऱ्या तीन-चार टीम असतील तर सहज जमतं. पण यात सपाट रस्ता, सरळ रस्ता, आणि मागे ओढायची इच्छा असलेली टीम या तीन गोष्टी न बोलता धरलेल्या आहेत. गावातले गोल चौक, अरुंद वळणं, पाऊस, किंवा सगळ्या टीम एकमेकांकडे बघत बसल्यात की तू ओढ तू ओढ, मग तो नियम गेला. घाटात तर तो लावूच नये आणि तरी लावतात.

प्रश्न: काका, 20 टक्के चढ म्हणजे 20 अंशाचा कोन का? मी नववीत आहे, सर म्हणाले स्वतः शोध. (कोल्हापूर)

उत्तर: नाही रे. 100 मीटर आडवं गेलास आणि 20 मीटर वर चढलास तर 20 टक्के, कोन काढलास तर 11.3 अंश येईल. 10 टक्के म्हणजे 5.7 अंश. 100 टक्के म्हणजे 45 अंश, त्यामुळे 100 टक्क्यांच्या पुढेही चढ असू शकतो, सरांना हे नक्की सांग. आणि टीव्हीवर बेल्जियममधल्या म्यूर द ह्वीचा 26 टक्के वगैरे आकडा दाखवतात तो वळणाच्या आतल्या कडेचा असतो, तीनचार मीटर बाहेरून गेलं की चढ बराच उतरतो. सायकलवाले तिथे बाहेरून का जातात ते आता तुला कळलं असेल.

प्रश्न: मी दर रविवारी सिंहगड चढतो. स्क्रीनवर "मों वांतू 21.5 किमी, सरासरी 7.5 टक्के" असं आलं तेव्हा वाटलं एवढं काही नाही. मग लोक तिथे मरायला का टेकतात? आणि दुसरं, आल्प दुएझ घाटावर इटालियन रेसर पांतानीचा रेकॉर्ड प्रत्येक जण वेगळा सांगतो, एकदा 36 मिनिटं, एकदा 37, एकदा 38. (पुणे)

उत्तर: सरासरी हा आकडा खोटं बोलत नाही, फक्त सोयीचं बोलतो. पायथ्याच्या बेदुआं गावाकडून फ्रान्समधला हा वांतू चढताना सुरुवातीचे पाच-सहा किलोमीटर द्राक्षमळ्यातून मजेत जातात, मग सेंतेस्तेवच्या वळणावर जंगल सुरू होतं आणि पुढचे साधारण 10 किलोमीटर 9 टक्क्यांच्या आसपास, कुठे सुटका नाही, हवा कोंडलेली. वर शाले रेनार्डला जंगल संपलं की उघडा पांढरा दगड आणि वारा. माथा 1,900 मीटरच्या वर. आता सुरुवातीचा सोपा भाग धरून सरासरी काढली की 7.5 येणारच. घाटाची ओळख सांगताना "सगळ्यात वाईट 5 किलोमीटरची सरासरी" एवढं जरी दाखवलं तरी बघणाऱ्याला अंदाज येईल, पण ग्राफिकवाले ते क्वचित दाखवतात. तुमच्या सिंहगडालाही हेच, वरच्या टप्प्यात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

पांतानीचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. आल्प दुएझ म्हणजे 21 वळणं, 13.8 किलोमीटर, सरासरी 8.1 टक्के. पण शर्यत खालून सुरू होत नाही ना, ती कुठून तरी दीडशे-दोनशे किलोमीटरवरून येते, त्यामुळे पायथ्याशी ऑफिशियल घड्याळ नसतं. मग घड्याळ कुठून लावायचं, पूल संपला तिथून, गोल चौकातून, की रस्ता वर चढायला लागला तिथून? काही जण 13.8 किलोमीटर धरतात, काही जण साडेचौदाच्या आसपास. पांतानीच्या 1995 च्या चढाईला म्हणूनच 36:40 पासून 38:04 पर्यंत सगळे आकडे छापून आलेत, आणि 1997 ची 37:35 ही वेळ रेकॉर्ड म्हणून सगळ्यात जास्त सांगतात. ताशी 22 ने चालणाऱ्या माणसाला 600-650 मीटरला पावणेदोन मिनिटं लागतात, म्हणजे सगळा वाद तेवढ्याच जागेत बसतो. 2004 मध्ये तिथे टाइम ट्रायल (प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध पळवायची शर्यत) झाली तेव्हा कुठे खरं घड्याळ लागलं, पण ती 15.5 किलोमीटरची, म्हणजे पुन्हा तुलना करता येत नाही, आणि ती जिंकणाऱ्या आर्मस्ट्राँगचे निकाल पुढे 2012 मध्ये डोपिंगमुळे रद्दच झाले. कॉमेंटेटर "रेकॉर्डपेक्षा 12 सेकंद मागे" म्हणाला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, कुठून कुठपर्यंत?

प्रश्न: "हा आता 6.2 वॅट प्रति किलोने चढतोय" असं छातीठोक सांगतात. त्याच्या सायकलवरचा मीटर यांना दिसतो का? आणि त्यावरून डोपिंगचा संशय घेणं कितपत बरोबर? (फिजिक्सचे निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर: सर, कधी दिसतो, बहुतेक वेळा दिसत नाही. काही रायडरांच्या क्रँकमधल्या (पेडलच्या दांडीतल्या) मीटरचा आकडा टीम परवानगी देते तेव्हा थेट येतो, पण जेतेपदाच्या शर्यतीत असलेली टीम आपल्या माणसाचे वॅट कशाला जगाला दाखवेल. मग चढाची उंची, लागलेला वेळ आणि वजन यावरून हिशोब मांडतात. तुमच्यासाठी तो इथेच मांडतो, गणित तुम्हाला आवडेल.

रायडर 65 किलो, सायकल-कपडे-बाटली धरून 74. चढ 8 टक्के, वेग ताशी 20. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध साधारण 323 वॅट लागतात, टायरच्या घर्षणाला 16, आणि वारा पूर्ण शांत असेल तर हवेला 31. बेरीज 370, म्हणजे 5.7 वॅट प्रति किलो. आता तेच सगळं ठेवून समोरून ताशी 10 चा वारा सोडा, हवेचे 31 चे 70 होतात, एकूण 409, म्हणजे 6.3. तोच वारा पाठीमागून आला तर हवेला 8 वॅटच पुरतात, एकूण 347, म्हणजे 5.3. ताशी 10 म्हणजे काय, झाडाची पानं हलतील एवढा वारा, टीव्हीवर कळणारही नाही. माणूस तोच, वेग तोच, आणि वारा माहीत नसेल तर अंदाजात पूर्ण 1 वॅट प्रति किलोची तफावत. वर रस्ता वळणावळणाचा असतो त्यामुळे वारा कधी समोरून कधी मागून, ते बरंचसं वजावट होऊन जातं हे खरं, पण पूर्ण नाही. आणि कोणाच्या तरी मागे बसून चढला असेल तर हवेचे वॅट अजून कमी. वजनाचं तर बोलूच नका, वेबसाइटवर लिहिलेलं वजन सीझनच्या सुरुवातीचं असू शकतं, 65 ला 1 किलो चुकला की दीड टक्का गेला.

2015 चं उदाहरण सगळ्यांनी वाचावं असं आहे. 14 जुलैला ला पिएर सेंमार्तँच्या चढावर क्रिस फ्रूमने सगळ्यांना मागे टाकलं, आणि पुढच्या रविवारी फ्रेंच टीव्हीच्या स्ताद दो या कार्यक्रमात आकडा आला, 7.04 वॅट प्रति किलो. एवढा आकडा चाळीस मिनिटं म्हणजे माणसाचं काम नाही असा त्याचा अर्थ. फ्रूमची टीम स्काय चिडली आणि त्यांनी स्वतःच मीटरचे आकडे बाहेर काढले, साधारण साडेएकेचाळीस मिनिटं, 414 वॅट, वजन 67.5 किलो. आता 414 ला 67.5 ने भागलं तर 6.13 येतं, पण ते म्हणाले 5.78, कारण फ्रूमच्या सायकलची पेडलजवळची दातेरी चकती अंडाकृती होती आणि अशा चकतीवर मीटर साधारण 6 टक्के जास्त दाखवतो. म्हणजे एकाच चढाईचे तीन आकडे झाले, 7.04, 6.13 आणि 5.78, आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीचा उचलला. टीव्हीचा आकडा तर नक्कीच फुगलेला होता, त्यात मला शंका नाही, पण टीमचं 6 टक्केही आपण त्यांच्या शब्दावरच घेतोय ना. संशय घ्यायला हरकत नाही, या खेळाचा इतिहासच तसा आहे, फक्त एका संध्याकाळच्या अंदाजी वॅटवरून कोणाला फाशी देऊ नये. तोच माणूस, तोच सीझन, आठ-दहा चढ, वेगवेगळा वारा, आणि मग आलेख बघावा.

प्रश्न: घोळक्यात बसलं की 30 टक्के वाचतात, कोणी म्हणतं 50, परवा एकाने 90 म्हटलं. लिलाव चाललाय का? (ठाणे)

उत्तर: हाहा, पण तिन्ही खरे असू शकतात. आइंडहोवनच्या बर्ट ब्लोकन यांच्या टीमने 2018 मध्ये 121 रायडरांच्या पेलोटॉनचा अभ्यास छापला, विंड टनेल आणि कॉम्प्युटर दोन्हीने, आणि निघालं असं की मधल्या-मागच्या भागात बसलेल्याला हवेचा विरोध एकट्याच्या 5 ते 10 टक्केच लागतो. हा झाला नव्वदवाला. पण तो फक्त हवेचा, टायरचं घर्षण, चढ, वळणानंतर पुन्हा वेग घेणं हे सगळं तुमच्या पायांनाच करावं लागतं. एका माणसाच्या मागे बसलात तर फायदा बराच कमी, आणि एकूण ताकदीत किती वाचलं असं विचारलं तर तीसचाळीसवाला आकडा येतो. कॉमेंटेटरने "कशाचे टक्के" एवढंच सांगायचं असतं, तेच राहून जातं.

प्रश्न: 1989 च्या टूरच्या शेवटच्या दिवशी अमेरिकन रेसर लेमाँडचा वेग 54.545 होता असं तीन दशांश स्थळांपर्यंत सांगतात. इतकं अचूक? आणि उतारावर 130 चा वेग खरंच जातो का? (बेळगाव)

उत्तर: भागाकार अचूक आहे, मोजमाप नाही. 24.5 किलोमीटर, 26 मिनिटं 57 सेकंद, कॅल्क्युलेटरवर 54.545 येतंच. पण 24.5 हे एका दशांशापर्यंतच दिलंय, म्हणजे खरं अंतर 24.45 ते 24.55 कुठेही असू शकतं, आणि मग वेग 54.43 पासून 54.66 पर्यंत हलतो. शेवटचे दोन आकडे नुसते शोभेचे. शिवाय व्हर्सायहून पॅरिसपर्यंतचा तो रस्ता एकूणात उतरता होता, हे त्या आकड्यासोबत फारसं कोणी सांगत नाही. त्या दिवशीचा खरा भक्कम आकडा म्हणजे 8 सेकंद, ज्याने लेमाँडने दुसऱ्या आलेल्या फ्रेंच फिन्यॉनला संपूर्ण टूरमध्ये हरवलं, कारण तो घड्याळाने मोजलाय.

उताराचं असं, 10 टक्के उतारावर अंग एकदम चोरून बसलेला रायडर न मारता ताशी 90 ते 100 पर्यंत जातो, त्याच्या पुढे हवा जाऊ देत नाही. 130 ला त्याहून बराच तीव्र आणि सरळ उतार हवा. जीपीएसचा एखादा ठिपका चुकून पुढे उडाला की एका सेकंदापुरता वेग कितीही येतो, त्यामुळे टॉप स्पीड म्हणून एकच आकडा झळकला तर मी तरी विश्वास ठेवत नाही, पाच-दहा सेकंद टिकला असेल तर ठेवतो. मधल्या दांडीवर बसून उतरायची ती जीवघेणी स्टाइल 2021 पासून यूसीआयने (सायकलिंगच्या जागतिक संघटनेने) बंदच केलीय, तेही लक्षात घ्या.

प्रश्न: माझा मुलगा 20 किलोमीटर सायकल मारून येतो आणि "टूरवाले रोज 8,000 कॅलरी खातात" म्हणून डबाभर लाडू संपवतो. हे 8,000 खरं का हो? (एक आई, अकोला)

उत्तर: ताई, कठीण घाटाच्या दिवशी त्याच्या जवळपास जातंही, पण रोज नाही. सरासरी 220 वॅटने 5 तास म्हणजे जवळपास 4,000 किलोज्यूल काम, शरीराची कार्यक्षमता पावशेर (साधारण चौथा हिस्सा) असल्याने खर्च तितक्याच, म्हणजे 4,000 कॅलरीच्या आसपास येतो, आणि दिवसभर नुसतं जगायला लागतात त्या दोनएक हजार वेगळ्या. सहा हजार. तुमच्या चिरंजीवांचा तासाभराचा खर्च चारशेच्या आत-बाहेर, एखाद-दुसरा लाडू द्या, डबा वर ठेवा.

प्रश्न: रस्त्याच्या कडेला 1 कोटी 20 लाख लोक आणि टीव्हीवर 350 कोटी प्रेक्षक, असं दरवर्षी ऐकतो. मी रोज लोकलने जातो, गर्दी मला कळते. हे मोजतं कोण? (डोंबिवली)

उत्तर: कोणीच मोजत नाही, तिकीटच नाही तर मोजणार कसं. हिशोब तुम्हीच करा, रूट साधारण 3,300 किलोमीटर, दोन्ही कडा धरल्या तर 6,600, त्यात 1 कोटी 20 लाख उभे केले तर प्रत्येक मीटरला जवळपास दोन माणसं, तीही शेवटच्या सूर्यफुलाच्या शेतापर्यंत सलग. टीव्हीवर मैलोन्‌मैल मोकळा रस्ता तुम्हीही बघता. घाटात आणि गावात तुमच्या 8:12 च्या फास्टसारखी गर्दी असते हे मान्य, पण बाकीच्या रस्त्याची भरपाई तेवढ्यातून व्हायची म्हणजे फारच झालं. फ्रान्सच्या जवळपास सात कोटी लोकसंख्येत दर सहा माणसांमागे एक जण त्या तीन आठवड्यांत रस्त्यावर आला असं म्हणावं लागेल, आणि एकच माणूस तीन दिवस आला तर तो तीनदा धरला का, हेही कोणी सांगत नाही.

350 कोटींचं तर सरळ आहे, ती बेरीज आहे, माणसं नाहीत. एकच माणूस प्रत्येक दिवशी पुन्हा धरला जातो. तुमच्या घरी तुम्ही, सौ. आणि मुलगा असे तिघं जण सगळ्या 21 स्टेज (म्हणजे एकेका दिवसाचे टप्पे) बघत असाल तर त्या बेरजेत तुम्ही 63 प्रेक्षक आहात.